यादीतून राहिलेला अलार्म

दोन दिवसांनी पोटात चार घास ढकलावेत म्हणून मास्तरीणबाई इस्पितळाच्या कॅन्टीनच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे सलाइनचे पंप बसवणाऱ्या कंपनीचे दोघे होते, एक ताई आणि त्यांच्या हाताखालचा तरुण.

"अलार्मचं मॉड्यूल यादीत टाकलंस ना?"

"फाइल फोल्डरमध्येच आहे की, ताई."

"फोल्डरमध्ये असून काय उपयोग? पंपाच्या सॉफ्टवेअरचा कर्नल जोडताना लिंकर प्रोग्राम फक्त यादी बघतो. यादीत नाव नाही, तर तो भाग बाहेर."

"पण एकही एरर आली नाही!"

"येणारच नाही. हूं की चूं न करता तो उरलेलं जोडून मोकळा होतो."

"मग पंप चालणार नाही?"

"झकास चालेल. नळीत हवा शिरली तरी वाजणार मात्र नाही."

"आता वरून टाकता येईल?"

"छे! सगळं नव्याने जोडून प्रत्येक पंपात भरावं लागेल. किती बसवलेस?"

"सहा. सकाळीच. तिसऱ्या मजल्यावर."

"साहेबांना फोन लाव."

"आधी खात्री करू ना, ताई. उगाच माझ्या नोकरीवर..."

मास्तरीणबाईंनी ताईंचा दंड घट्ट धरला.

"अहो, तिसऱ्या मजल्यावर माझे वडील आहेत. जुना पंप सारखा कोकलायचा. नवा सकाळपासून एकदाही वाजला नाही, म्हणून तर मी निर्धास्त खाली आले."