शांताबाईचा लहान चार्जर

पावर बँकेचं निघालंच तर सांगते. माझी मोठी बहीण शांताबाई दवाखान्यात होती. पोट्टा तिचा बेंगलोरले. रोज संध्याकाळी व्हिडिओवर त्याचं तोंड पाहे, त्याच्यावरच जगून राहिली होती. तिचा मोबाइल जुना, पावर बँकेवरच चाले.

मी पावर बँक मोठ्या चार्जरले लावायले गेली, तर ओरडली, "फुटन ना वं! वार्डातले लोक सलाईन धरून पळतीन काय? बटनवाल्या मोबाइलचा लहान चार्जर लाव."

"हव बाई, तूच इंजिनेर!"

दिवसभरात पावर बँकेच्या चार लाइटांतला एकच पेटला.

संध्याकाळी पोट्टा दिसला. "माँ, खाना खाया?" तिनं तोंड उघडलं अन् मोबाइल बंद.

"राहू दे, उद्या बोलीन."

सकाळी शांताबाई गेली.

तेरवीनंतर मी सदर बाजारात, जिथून पावर बँक घेतली होती, त्या दुकानवाल्यावर चढली. "कसला डब्बा देल्ला मले?"

तो हळूच म्हणे, "दीदी, डब्बा ठीक है. चार्जर छोटा था. अच्छा बड़ा लगाओ, डब्बा जितना चाहिए उतना ही लेता है."

घरी मोठा लावला, चारही लाइट पेटले. तेवढ्यात पोट्ट्याचा फोन. "मौसी, माँ उस दिन क्या बोल रही थी?"

त्या दिवसाच्या आधी दोन दिवस तिनं घास घेतला नव्हता.

म्हटलं, "खाल्लं म्हणे, बेटा. पोटभर."