विहिरीत कोणी काय टाकलं?

हरीचं नाव घेतलंत, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. भल्यासाठी म्हणून काही केलं, त्यातून वाईट झालं, आणि कोणी पाहिलंही नाही! मग ते सांगायचं, की गिळून टाकायचं? काय म्हणता? गिळायचं? वा! निदान उत्तर तरी खरं दिलंत!

तर मंडळी, ऐका. धामणशेत नावाचं गाव. गावाला लागून पेट्रोल-डिझेल साठवायच्या मोठाल्या टाक्या. एका वर्षी त्यांची जमिनीखालची पाइपलाइन गळली. किती दिवस गळत होती, कुणास ठाऊक! कळलं कधी? गोदाक्कांनी विहिरीतून कळशी काढली, तोंडाशी नेली, आणि ओरडल्या, "अगं बाई! पाण्याला पंपावरचा वास!"

धावाधाव झाली. पाइप बदलला, तेलानं भिजलेली माती उकरून नेली, विहीर बंद. गावाला टँकर, तोही दिवसाआड! पण खोल पाण्यात उतरलेलं तेल? त्याला हात कसा घालणार? म्हणून भूजलाच्या जाणकार इनामदार मॅडम आल्या. शेतांत ठिकठिकाणी नळ्या उतरवून त्यांनी पाणी तपासलं आणि सभेत सांगितलं, "गळती थांबली आहे. उरलेलं तेल आता जमीनच संपवेल. मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते तेल खातात. आपण दर तीन महिन्यांनी मोजत राहायचं. वर्षं लागतील."

सरपंच भिकाजीराव म्हणाले, "म्हणजे पंगत जंतूंची, आणि आम्ही नुसते वाढपी?"

"वाढायचंही नाही!" मॅडम म्हणाल्या. "विहिरीत काही म्हणता काही टाकायचं नाही."

त्या सभेला कोण नव्हतं? गोदाक्कांची सून केतकी! बाळंतपणाला माहेरी गेलेली. चार महिन्यांचं बाळ घेऊन परतली. शिकलेली मुलगी, बाळाचा चमचा तीनदा उकळणारी! हसू नका, मीही उकळते.

तिनं विचारलं, "आई, हल्ली विहिरीत जंतू मारायची पावडर कोण टाकतं?"

"कोणी नाही. आणि तू बाळाला घेऊन तिकडं फिरकायचं नाहीस!"

झालं! केतकीनं मनाशी म्हटलं, आज ना उद्या विहीर उघडणार, माझं बाळ हेच पाणी पिणार, आणि आत जंतू? मग काय! दर शनिवारी, सासूबाई देवळात गेल्या की बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची आणि वरची निवळी विहिरीत ओतायची. गुपचूप!

वर्ष गेलं. सगळ्या नळ्यांत तेलाचा आकडा उतरला. विहिरीत? जागच्या जागी!

पुन्हा सभा. भिकाजीराव म्हणाले, "बुजवून टाकू. वर व्यायामशाळा बांधू." माना डोलू लागल्या.

मॅडम म्हणाल्या, "थांबा! शेजारच्या नळीत आकडा उतरतो आणि विहिरीतच का अडतो? कोणी काही टाकलंय का? अहो, ब्लीचिंग पावडरनंसुद्धा तेल खाणारे जंतूच मरतात!"

केतकीनं तोंड उघडलं, तोच गोदाक्कांनी चिमटा काढला. "गप बस. कोणाला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"सासू आहे मी तुझी! बादलीचा वास मला येत नाही होय?"

आता काय करावं तिनं, सांगा! बोलली तर गावभर नाव. गप्प बसली तर विहीर बुजणार, आणि लेकरू टँकरची वाट बघत वाढणार!

उठली. बाळाला कडेवर घट्ट धरून उठली. "मी टाकली पावडर. दर शनिवारी. मला वाटलं, जंतू म्हणजे वाईटच."

आणि मग… भिकाजीराव खाकरले. "मी पण. दोनदाच हं! वरून साहेब येणार होते…"

मागून आवाज आला, "आमची तुरटी!"

"आम्ही गंगाजल! थोडंसंच!"

आणि गोदाक्का? पदराआडून म्हणतात, "कडुलिंबाचा पाला. टोपलीभर."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, एक दिवस तरी त्या बिचाऱ्यांना सुखानं जेवू दिलंत का?"

गाव हसलं, पण व्यायामशाळा बारगळली. विहिरीवर जाळी बसली, जाळीला कुलूप. किल्ली कोणाकडे? गावानं एकमतानं दिली केतकीकडे! पुढच्या मोजणीला आकडा हलला. मग उतरतच गेला. तीन वर्षांनी पाणी निर्मळ निघालं. मॅडमनी एकदा नव्हे, चारदा तपासलं, मगच पिण्याची परवानगी दिली. पहिला पेला केतकीच्या लेकरानं घटाघट प्यायला. हो, उकळून! सवय कुठं जाते!

मंडळी, तेल जंतूंनी खाल्लं, खरं आहे. पण ती केतकी उठली नसती, तर जंतूंसकट विहीर दगडमातीखाली गेली असती. आणि तुरटीवाले, पाल्यावाले? जन्मभर एकमेकांकडे बोट दाखवत बसले असते!

आता तुमचं सांगा. सुनेच्या संसारात, लेकीच्या लग्नात, भावाभावांच्या बोलण्यात, भल्यासाठी म्हणून आपण काय काय ओतलंय? आणि वर विचारतो, "इतकी वर्षं झाली, यांचं निवळत कसं नाही?"

आरतीला अजून अवकाश आहे. ज्याचं पाणी आपण ढवळलं, तो माणूस बहुतेक याच मंडपात बसलाय. उठा, त्याच्यापाशी जा आणि दोनच शब्द बोला: "मी टाकलं."

जा. मी थांबते.