लख्ख उजेड पडला की

नाही रे बाबा, तू फसवलंस असं कुठं म्हणतेय मी? मी एवढंच म्हणतेय की हा फ्लॅश बिघडलाय — तुमच्या दुकानातून नेला तेव्हापासूनच बिघडलेला असणार — आणि तू तसं एकदा तोंडानं म्हणालास की झालं. पैसे परत नकोत मला. चर्चच्या पेटीतल्या पैशांनी घेतलाय, दुसरा दे नाहीतर देऊ नकोस, ते तू नि आमच्या पाद्रीणबाई बघून घ्या. त्या उद्या गावाहून येणार आहेत शहरात, अपियाला. इथंच येतील, तुझ्यासमोर उभ्या राहतील नि विचारतील, तेव्हा तू म्हणायचंस — हो, बिघडलेला होता. एवढ्याशा वाक्यानं तुझं काय जातंय? ... हो हो, लावून बघ ना, मी काय नको म्हणतेय? पण आधी माझं ऐक, मग लाव. पाय घे जरा आत, पुढून जाते — तुलोउ, तुलोउ, माफ कर हं — वाकूनच जायला पाहिजे, दुकान तुझं. बसते या स्टुलावर. बसमध्ये उभ्यानं आलेय सगळी वाट. पाणी नको.

तू मनात म्हणत असशील, नाचता येईना अंगण वाकडं. तसं नाही. कॅमेरा माझ्या चुलत दिरानं ऑकलंडहून पाठवला, जुनाच, पण चांगला, आणि तो आला त्या दिवसापासून गावात मीच हाताळते. रविवारच्या शाळेची बाई आहे मी. कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तकातली ओळन् ओळ बोट ठेवून वाचलीय — विचार काय विचारायचं ते. ऑटोवर ठेवला की फ्लॅश आधी एक बारीकसा उजेड टाकून बघतो, समोरून किती परत येतोय ते, नि त्यावरून ठरवतो किती मारायचा. बरोबर? आणि समोर सगळं पांढरं असलं की? पांढऱ्यावरून उजेड भरपूर परत येतो, त्याला वाटतं झालं, पुष्कळ झालं, नि तो हात आखडता घेतो. कपडे राखाडी, चेहरे काळवंडलेले. आता पोरांच्या पांढऱ्या रविवारी, पोरं बायबलची वचनं म्हणतात त्या सणाला, दुसरा कुठला रंग असतो का चर्चमध्ये? टोपीपासून मोज्यापर्यंत सगळं पांढरं. म्हणून फ्लॅश प्लसवर न्यायचा — कॅमेऱ्याचं प्लस-मायनस नव्हे हां, फ्लॅशचं. दोन्ही वेगळी. एक मागच्या भिंतीचं नि खिडकीचं, एक पुढच्या माणसाचं. लोक तिथंच घोळ घालतात. मी नाही घातला. मी घरी सराव केला. मासिनाला, माझ्या भाचीला, गळ्यात उशीचा पांढरा अभ्रा बांधून भिंतीशी उभं करायचं नि एकेक टक करत चाक पुढं न्यायचं. दीड प्लसला चेहरा असा उजळला की भुवईचा केस न् केस मोजावा. नवऱ्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, छान आहे, जेवायला कधी वाढतेस?

तर मला फोटो काढता येत नाही म्हणून झालं, असं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आता रविवारचं ऐक. आमचे पाद्रीबाबा वेदीच्या बाजूला खुर्चीत बसतात, पोरं उभी राहतात त्यांच्या बरोबर मागं. म्हातारे झालेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय नुकतंच. पहिलं पोर पायरीवर उभं राहिलं, वचन म्हणायला लागलं, मी बटण दाबलं — लख्ख. पाद्रीबाबांनी डोळ्यांवर हात धरला. देवमाणूस आहेत ते. पण पाद्रीणबाई पहिल्या बाकावर, गावच्या मानकऱ्यांच्या शेजारी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तू बघितलंयस का तसलं बघणं? अंगावरचे कपडे आखूड वाटायला लागतात. आणि मी कुठं, तर गुडघ्यांवर, सगळ्या मानकऱ्यांकडे पाठ करून. आधीच कानकोंडी झालेली. छताकडे तोंड करून मारता आला असता फ्लॅश, ते वाचलं होतं मी, पण आमचं छत उंच, नि तपकिरी लाकडाचं, सगळा उजेड गिळून बसतं. मग काय करणार? चाक फिरवलं नि खाली आणला. मायनस. अजून मायनस. मोठ्यांच्या पुढून जाताना आपण कसं अंग चोरतो, मान खाली घालतो — आत्ता तुझ्यापुढून मी आले तशी — तशी फ्लॅशलाही मान खाली घालायला लावली. त्यालाही तुलोउ म्हणायला लावलं म्हण ना. यात वाईट काय केलं मी?

... असं बघू नकोस. हो, बिघडलाय म्हणाले मी. असेलही बिघडलेला. मायनसवर नेला म्हणून काय एवढा अंधार पडतो? हे घे कार्ड, घाल तुझ्या मशीनमध्ये, बघ. बघितलंस? खिडकीच्या रंगीत काचेतले संत कसे ठसठशीत आलेत, निळा झगा, लाल झगा, नि पोरं म्हणजे दोरीवर पांढरे फ्रॉक वाळत घातल्यासारखी. घरोघरी पाठवले हे मी. कुणाची आई सिडनीत, कुणाचा बाप ऑकलंडला, त्यांनी कापड पाठवायचं नि आम्ही शिवायचं, नि मग महिनाभर फोटोची वाट बघत बसायचं — तुमच्याकडे काय वेगळं असतं? मासिनाची आई म्हणजे माझी धाकटी बहीण, इआनेता. ऑस्ट्रेलियात फळांच्या मळ्यावर बेऱ्या तोडायला गेलीय, हा दुसरा हंगाम. तिलाही पाठवला. फोन आला तिचा. मला वाटलं आता चार शब्द ऐकवणार. तर म्हणते, “ताई, फ्रॉक खांद्यात अगदी बरोबर बसलाय हं.” बस्स. चेहऱ्याचं नावच नाही. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं मला. मग बायका विचारायला लागल्या, पाद्रीणबाईंनी विचारलं, तालिगी, फोटो असे कसे गं आले? आणि मी म्हणाले — दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला. निघून गेलं तोंडातून. एकदा म्हटल्यावर मग सगळ्यांनाच तेच सांगत बसले. तुला काय, तू आम्हाला कुठं भेटणार होतास? पण त्या म्हणाल्या, मीच जाऊन त्याला विचारते. म्हणून मी आधी आले.

आणि त्यात आमची पोर ऐन वेळी वचन विसरली. मासिना. एवढ्या चर्चसमोर उभी राहिली नि तोंडातून शब्द नाही. दोन ओळींचं वचन. लोकांना काय, बोलायला तेवढंच हवं असतं — आई नाही ना जवळ, मावशीनं लक्ष दिलं नसेल. मावशी रविवारच्या शाळेची बाई, साऱ्या गावाच्या पोरांची पाठांतरं घेते, नि घरच्या पोरीला दोन ओळी येईनात. माय मरो नि मावशी उरो म्हणतात. माय तिथं धडधाकट आहे, कंबर मोडेस्तोवर बेऱ्या तोडतेय, नि मावशी ही असली. येतं रे तिला. झोपेतून उठवून विचार, घडाघडा म्हणून दाखवेल. ती काय विसरते?

... काय? हो. विसरली म्हणाले खरं. नाही विसरली ती.

आता अर्धं बोलून बसले तर बाकीचं पोटात ठेवून काय करू? सरावाच्या वेळी ती फार हलायची, लहान आहे. मग मीच तिला सांगितलं — या काचेच्या आत तुझी आई बसलीय. लख्ख उजेड पडला की समज, आईनं डोळे उघडले. मग म्हणायला लाग. पोरांना असं काहीतरी सांगावंच लागतं, तूही सांगत असशील. आणि घरी उजेड पडायचाच, दीड प्लस, डोळे दिपायचे तिचे, नि मग हसून अशी म्हणायला लागायची की ऐकत राहावं. रविवारी ती पायरीवर उभी राहिली. मी दाबलं. काडी ओढून लगेच विझावी तेवढाच उजेड. ती उभीच. ओठ मिटलेले, नि काचेत बघतेय. मला त्याच क्षणी कळलं. खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी. चाक अंगठ्याखाली होतं माझ्या. टक टक टक करून वर न्यायचं, फार तर पाद्रीबाबांना खूण करायची की डोळे मिटा. ते मिटले असते, हसले असते वर. पण पाठीवर ती नजर, नि मी मनात म्हटलं, आता पुन्हा लख्ख केलं तर या बाईला काही शिस्तच नाही असं होईल. म्हणून परत दाबलं, तसंच, मायनसवर. ती उभीच. बाकांवर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी पहिला शब्द सुचवला तिला, तर तिनं मान हलवली — शब्द नको होता रे तिला. मग पाद्रीणबाई उठल्या, हाताला धरून तिला खाली बसवलं. पुढचं पोर आलं, नि मी त्याचा फोटो काढला.

दुपारी पोरं आधी जेवायला बसली. वर्षात तो एकच दिवस, पोरं बसणार नि आपण वाढणार. हिच्या वाटीतलं आइस्क्रीम वितळून पाणी झालं. मी वाकून म्हटलं, खा की. तर म्हणते, “मावशी, उजेड पडलाच नाही.” हळूच म्हणाली. पण आजूबाजूला बायका वाढत होत्या, पाद्रीणबाई भात घेऊन तिथंच उभ्या. आणि मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, विसरलीस असं म्हण. विसरलं तर देव रागावत नाही. देवाला कशाला मध्ये ओढलं मी? पोर शहाणी, सांगितलेलं ऐकते. इआनेताचा फोन आला, तिनं विचारलं, वचन म्हटलंस ना गं? तर ही म्हणते, “आई, मी विसरले.” मी तिथंच उभी होते, भांडी विसळत. विसळतच राहिले. तेव्हापासून तिच्या केसांची वेणी घालते नि आरशात तिच्याकडे बघत नाही. लाज वाटते रे मला. आता इतक्या वयाची बाई मी, नि एका एवढ्याशा पोरीची लाज वाटते.

तू मघापासून काय करतोयस त्या मशीनवर? ... तिचाच आहे तो. कसा ओळखलास? हां, मिटलेले ओठ. नको, राहू दे. उजळून काय होणार? माहीत आहे मला, वाचलंय तेही — जास्त उजेडानं जळलेलं परत येत नाही, अंधारातलं थोडंफार येतं. वाळू सांडल्यासारखं खरखरीत येतं, पण येतं. नको म्हणतेय ना ... थांब. थोडं अजून ने. कपाळ आलं बघ. नाक अगदी इआनेताचं, लहानपणी तिला आम्ही नाकावरूनच चिडवायचो. अजून थोडं. आता डोळे —

...

बस. पुढं नको नेऊस. ठेव तेवढंच.

घाबरलेली नाही रे ती. मला वाटलं होतं रडवेली असेल. बघ ना कशी बघतेय. अजून तिला वाटतंय की उजेड पडेल.

कागदावर काढून दे हा. नाही, दोन काढ. एक इआनेताला पाठवते, बरोबर काय लिहायचं ते बघते मी. दुसरा पाद्रीणबाईंना दाखवायचा आहे, आजच. त्या उद्या यायच्या नाहीत तुझ्याकडे, नि आल्या तरी तू काही बोलू नकोस, तुझा काय संबंध? फ्लॅश दे इकडे. लावून कशाला बघतोस, काही झालेलं नाही त्याला. आणि कुठल्या आकड्यावर ठेवायचा ते तर मला सांगूच नकोस, बाबा. तेव्हाही माहीत होता मला. सरक, जाऊ दे. बस सुटेल माझी.