नरसम्माचे दोन वर्ग

तुम्ही वर्गाच्या वेळांवरून भांडताय म्हणून आमच्या नरसम्माची गोष्ट सांगते.

गिरणीत बायकांना सुताच्या कांड्या भरायच्या कामावर घ्यायचं, तर आधी ते काम शिकायचं आणि लिहा-वाचायलाही शिकायचं, अशी अट होती. आमच्या वस्तीतल्या एकाच मंडळानं दोन्ही वर्ग काढले आणि दोन्ही दुपारी तीनलाच ठेवले! शेजारची नरसम्मा आणि मी रोज एका वर्गातून अर्ध्यात उठून गल्लीपलीकडच्या दुसऱ्या वर्गाला पळायचो. नरसम्माचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तिला ते काम हवंच होतं.

कांड्यांचे मास्तर म्हणाले, "परत मधनं उठलात तर नाव काढीन." लिहायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उशिरा यायचं असेल तर येऊच नका." वेळ बदला म्हटलं, की दोघंही मंडळाच्या चिटणीसांकडे बोट दाखवायचे. चिटणीस तर कधी भेटायचेच नाहीत.

शेवटी एक दिवस नरसम्मा बाईंना म्हणाली, "बाई, जरा समोर चला की." आणि तिनं त्यांना थेट मास्तरांपुढे नेऊन उभं केलं.

"आता तुमी दोघं बोला. ठरंपर्यंत आमी हितंच बसतो."

आम्ही सगळ्या बायका दारातच बसलो. त्या दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं होतं, पण लगेच ठरलं. आधी कांड्या, मग पाटी.

नरसम्मा गिरणीत लागली. पुढं मंडळाच्या समारंभात चिटणीस भाषणात म्हणाले, "दोन्ही वर्गांचा मेळ मी घातला."

नरसम्मा मागून म्हणाली, "लई बेस केलंत, साहेब. पुढच्या खेपेला आमी दारात बसायच्या आधी घाला की!"