वरचा जबडा

वडील : म्हणजे तेरा वर्षं तुमचे उंबरे झिजवले ते हे ऐकायला?

डॉक्टर : झिजवलेत म्हणून पोरगी आज स्वच्छ बोलते.

वडील : बोलण्याचं राहू द्या. तोंडाकडे बघा तिच्या. वरचा ओठ आत, हनुवटी बाहेर. लहानपणी अशी नव्हती.

डॉक्टर : लहानपणी खालचा जबडा वाढायचा होता. ही वर्षाची असताना हिच्या तोंडातली फाटलेली टाळू शिवली. शिवलं की व्रण राहतो, आणि व्रण वरच्या जबड्याच्या हाडाला मोकळं वाढू देत नाही. सगळ्यांचंच असं होत नाही. हिचं झालं.

वडील : मग थांबायचं होतं. मोठी झाल्यावर शिवायची.

डॉक्टर : तोवर शब्द नाकातून आले असते. हे तेव्हाच सांगितलं होतं.

वडील : तेव्हा तान्हं पोर होतं माझ्या हातात. मला काय ऐकू येणार होतं?

डॉक्टर : खरं आहे.

वडील : ‘खरं आहे’ म्हणून अंग काढून घेऊ नका. या सुट्टीत वरचा जबडा पुढे आणून द्या.

डॉक्टर : नाही. ती अजून वाढतेय. आज आणला तर खालचा पुन्हा पुढे जाईल, मग परत चिरफाड. वाढ थांबली की करू. सतरा-अठराला.

वडील : तोवर हिने तोंड लपवून फिरायचं?

मुलगी : मी कुठे लपवते?

वडील : तू मध्ये बोलू नकोस.

मुलगी : तुम्ही लपवता. आत्या सगळ्यांचा फोटो काढत होती, तर मला म्हणालात, मागे हो, उंच आहेस. दादा माझ्याहून उंच आहे. तो पुढेच होता.

वडील : काहीतरीच काढू नकोस.

मुलगी : हॉलमधला माझा शेवटचा फोटो पहिलीतला आहे, बाबा.

वडील : लोक वाट्टेल ते बोलतात. तुला ऐकावं लागू नये म्हणून...

मुलगी : लोक एकदा बघतात, मग त्यांना सवय होते. तुम्हालाच झाली नाही.

(डॉक्टर कॅमेरा काढतात.)

डॉक्टर : आजचा फोटो राहिलाय. वाढ बघायला दरवर्षी काढतो आम्ही, एक समोरून, एक बाजूने. बाजूने जबडा नीट दिसतो. तुम्ही बाहेर बसा हवं तर.

वडील : दरवर्षी?

डॉक्टर : हो. सगळे आहेत आमच्याकडे.

वडील : मला आजचा एक मिळेल?

डॉक्टर : तिला विचारा.

मुलगी : कुठे ठेवणार?

वडील : हॉलमध्ये.

मुलगी : मग बाजूने काढलेला घ्या.