मी सीट सोडली नाही

...नाही, पण मला एक सांगा, सायकल शिकवणं म्हणजे शेवटी 'सोडून देणं' हे मला आधी कुणी सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. आता सगळे सांगतात. मुलगा सांगतो, सून सांगते, खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तर रोज फाटकाशी गाडी थांबवून, काच अर्धी खाली करून सांगतात, "सर, सोडा आता, किती दिवस धरून ठेवणार?" अहो, नात सहा वर्षांची, बाजूची छोटी चाकं काढलेली, खाली सिमेंट, आणि सिमेंटला दयामाया नसते हे मी स्वतःच्या कमरेवरून सांगू शकतो. तेव्हा तुम्हाला सांगतो, मी सीट सोडली नाही.

आता कमरेचा विषय निघालाच आहे तर... मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये पडलो. पडलो म्हणजे काय, बसलो. जरा जोरात बसलो. पण त्या दिवसापासून घरात माझी गणती माणसांतून काचेच्या भांड्यांत झाली. "बाबा, एकटे खाली जाऊ नका." "बाबा, कठडा धरा." "बाबा, तुम्ही उठू नका, मी देते." आणि एके दिवशी मुलगा काठी घेऊन आला. साधी नाही, खाली चार पाय असलेली. मी म्हटलं, "चार हिचे, दोन माझे, झाले सहा. सहा पायांवर झुरळ चालतं." तो हसला नाही. काठी दाराआड उभी राहिली, मी समोर खुर्चीत बसलो, आणि चार महिने आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आधी कोण उठतंय म्हणून.

तर अशात नातीने जाहीर केलं की वर्गातल्या सगळ्यांची छोटी चाकं निघाली, माझीच राहिलीत, आता मला शिकवा. शिकवणार कोण? मुलगा कामावरून येतो सातला, सुनेला दवाखान्यात पाळ्या. आणि खुर्चीतून आवाज आला, "मी शिकवतो." कोण बोललं म्हणून मी इकडेतिकडे बघितलं, तर मीच बोललो होतो.

कपड्यांच्या घड्या करता करता आमच्या हिचे हात थांबले. "अहो, पण तुम्हाला कुठे येते?" हे ती हळूच बोलली, पण ती हळू बोलते ते तिसऱ्या खोलीत ऐकू जातं. आता खरं आहे, मला सायकल येत नाही. लहानपणी सायकल नव्हती, पुढे मिळाली तेव्हा लाज वाटली, आणि त्यानंतर प्राध्यापक झालो. पण चौतीस वर्षं मी मुलांना फिरणाऱ्या वस्तू का पडत नाहीत हे शिकवलंय, निम्मी तरी पास झालीत, तर एक पोरगी मला झेपणार नाही?

मुलगा म्हणाला, "ठीक आहे बाबा. पंधरा दिवस. पण पंधरा दिवसांत जमलं नाही, किंवा ती कुठे पडली, किंवा तुम्ही पडलात, तर मग काठी घ्यायची. निमूटपणे." माझा मुलगा करारमदार करायच्या खात्यात आहे, घरीही तेच करतो. मी म्हटलं, मंजूर.

पहिल्या दिवशी मी तिला सायकलवर बसवलंच नाही. अंगणात खडूने आकृती काढली, चाक काढलं, बाण काढले, तोल म्हणजे काय ते समजावलं. तिने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "आजोबा, हे सगळं माहीत असलं की पडत नाही?"

"अजिबात नाही पडत."

"मग तू बाथरूममध्ये कसा पडलास?"

आता याला तुम्ही काय उत्तर दिलं असतंत? मी आकृती पुसली.

बरं, रात्रंदिवस पुस्तकं काढून बसायची माझी खोड, तसा बसलो. आणि वाचलं काय, तर सायकल नेमकी कशामुळे पडत नाही यावर विद्वानांचं अजून पुरतं एकमत नाही. घ्या. म्हणजे इतकी वर्षं सगळं जग जिच्यावर बसून भाजी आणायला जातंय, तिचं कारण पक्कं नाही, आणि मी माझी नात तिच्यावर बसवणार? दुसऱ्या दिवसापासून मी सीट घट्ट धरली.

पद्धत अशी. ती पुढे बघणार, पायडल मारणार. मी मागे, उजवा हात सीटच्या मागच्या कडेवर. निघताना ती मान न वळवता म्हणणार, "आजोबा, सोडू नकोस हं." मी म्हणणार, "नाही सोडत." आणि मग आम्ही पळायचो. मी त्याला पळणं म्हणतो, आमचा वॉचमन लगबग म्हणतो. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीला वळसा, परत फाटक. आधी तीन फेऱ्या, मग सात, मग बारा. आणि तुम्हाला सांगतो, मी सीट सोडली नाही. चौथ्या दिवशी मला शिंक आली आणि रुमाल काढावा लागला, तेवढा एक क्षण सोडला तर. पण ते काही सोडणं नव्हे, ती शिंक होती.

गंमत बघा, आठवड्याभरात माझीच चाल सुधारली. पाठ ताठ, पावलं लांब, गुडघे कुरकुरायचे थांबले. हिला म्हटलं, "बघ, शिकवण्यात काय ताकद असते." ही म्हणाली, "हो ना, सीटमध्येही असते." मी लक्ष दिलं नाही. पस्तीस-चाळीस वर्षं संसार झाला की माणूस बरंचसं ऐकत नाही, आणि नेमकं तिथेच चुकतो.

नवव्या दिवसापासून मला हाताला कळायला लागलं की सीट आता डुगडुगत नाही. सरळ जाते. म्हणजे सोडायला हवी. पण मला सांगा, ती माझ्या धरण्यामुळे सरळ जातेय की स्वतःच्या तोलामुळे, हे सोडल्याशिवाय कळायचं कसं? आणि सोडल्यावर कळलं की माझ्यामुळे, तर? दहावा दिवस यात गेला. अकरावा गेला. डॉक्टरांची काच रोज अर्धी खाली येत होती. "सर, दुधाचा दातसुद्धा आपण धरून ठेवत नाही." मी सीट सोडली नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मुलगा परीक्षा घ्यायला लवकर येणार होता. म्हणून कठडा धरून हळूहळू खाली आलो, वॉचमनच्या खुर्चीत टेकलो, आणि टाकीच्या मागून लाल सायकल आली. मागे कुणी नाही. स्वारी एका हाताने सायकल चालवतेय, दुसऱ्या हाताने नाक खाजवतेय, आणि तोंडाने गाणं.

मी वॉचमनकडे बघितलं. तो फाटकाकडे बघायला लागला. "आठवडा झाला सर. तुम्ही दुपारी झोपलात की येते. मला म्हणाली, काका, आजोबांना सांगायचं नाही."

तेवढ्यात तिने मला बघितलं. ब्रेक लावला, पाय टेकला, सगळं पद्धतशीर.

"येते तुला?"

"हो."

"कधीपासून?"

"तुला शिंक आली तेव्हापासून."

"मग रोज संध्याकाळी मला 'सोडू नकोस' का म्हणतेस?"

ती बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाली, "तू पडशील ना. शिंक आली तेव्हा मी टाकीपर्यंत गेले आणि मागे बघितलं, तर तू भिंतीला धरून उभा होतास. दोन्ही हातांनी."

चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझी चूक इतक्या कमी शब्दांत दाखवली नव्हती.

आता पंधरावा दिवस. मुलगा हाताची घडी घालून फाटकाशी, डॉक्टर गाडीतून उतरलेले, ही गॅलरीत. तुम्हाला माझी अडचण लक्षात येतेय का? सोडली नाही तर पोरगी नापास, मग काठी. सोडली तर पोरगी जाईल सुसाट, आणि मी अंगणाच्या मधोमध, हाताला काही नाही, तीन घरांदेखत हेलपाटणार, मग काठीच. रात्रभर दोन्हीकडून हिशेब केला, काठी काही टळेना.

आम्ही निघालो. मुलगा ओरडला, "बाबा, सोडा आता." माझी बोटं तर सीटला चिकटलेली. तेवढ्यात पुढून, मान न वळवता, अगदी हळू आवाजात, "आजोबा, मी भिंतीजवळून नेते. तिथे सोड."

आणि तिने सायकल भिंतीला लागून नेली, इतकी लागून की माझा डावा हात आपोआप भिंतीवर टेकला. मी उजवा उचलला. ती गेली. टाकीला वळसा घालून घंटी वाजवत परत आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी भिंतीला टेकून असा उभा, की जणू काही समाधानानेच टेकलोय. मुलगा म्हणाला, "मानलं बाबा." करार पाळणारा आहे तो, त्याच संध्याकाळी काठी माळ्यावर गेली.

म्हणजे मी जिंकलो. जिंकलो आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता खुर्चीत बसलो. कारण आता शिकवायचं काय? समोर दाराआड काठीही नव्हती, निदान बघायला.

सव्वापाचला ही बया बूट घालून हजर. "आजोबा, चल. माझं वळण कच्चं आहे."

"काही कच्चं नाही, मी बघितलंय."

आतून आमची ही म्हणाली, हळूच, "जा हो. कच्चं आहे तिचं वळण."

त्याला आता सात महिने झाले, वळण अजून कच्चंच आहे. मधल्या काळात पोरगी उंच झाली, गुडघे हँडलला लागायला लागले, म्हणून परवा तिला दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "बस बाळ, पाय टेकतात का बघू." ती बसलीच नाही. तिने माझा हात ओढला, सीटवर ठेवला, दोन पावलं मागे सरकून शिंपिणीसारखी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "काका, आजोबाला वाकावं लागतंय."

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सायकल नक्की कुणाला हवीय?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. आता मी काय करणार... म्हटलं, सीट दोन बोटं वर घ्या.