चूक कुणाची?

सोग्विपो शहरातल्या ड्रोन-दुरुस्ती दुकानात ह्योन-सिक रांगेत होता. पुढे को सुन-ओक काकू दुरुस्तीवाल्याशी भांडत होत्या.

"काकू, बॅटरी शंभर टक्के दाखवतेय. ड्रोन तुमच्याच चुकीनं पडला."

"उडता उडता बंद पडला!"

"वय झालं की हात थरथरतो."

"सहा वर्षं संत्र्यांवर फवारणी करतेय, एक फांदी मोडली नाही. चूक माझी असं लिहिलेला तुझा हा कागद शेतकरी सोसायटीत गेला की माझं उडवणं बंद. ड्रोन टेबलाला बांध अन् मोटारी पूर्ण जोरात फिरव!"

त्यानं फिरवल्या. मिनिटभरात बॅटरीतला एक सेल बसला, मोटारी थांबल्या.

"नवी बॅटरी देतो, काकू."

"आधी कागद बदल."

"लिहिलं."

"वाच."

"दोष बॅटरीचा."

"मोठ्यानं! रांगेला ऐकू दे."